कॅरेज थांबेपर्यंत

बाई, परवा सकाळी नऊ नंबरचा फोन आला होता. तिचं लग्न झालं, आडनाव बदललं, मुलगा नोकरीला लागला, पण फोनवर ती अजून "मी नऊ नंबर बोलते" असंच म्हणते आणि मीही "बोल, अकरा नंबर ऐकतोय" असंच म्हणतो. माझी बायको हसते. विचारते, तुम्ही दोघं क्लासात होता की तुरुंगात? नऊ नंबर आता महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका लहानशा कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. तिथे माल तपासायचं एक जुनं यंत्र आहे, आणि ते एका जुन्या कॉम्प्युटरशिवाय कुणाचं ऐकत नाही. तो कॉम्प्युटर मीच तिथे बसवला होता, तेव्हा माझे केस काळे होते. तो आता सकाळी सुरू होत नव्हता. काळा पडदा आणि वर इंग्रजीत एकच ओळ, की सुरू करायला डिस्क सापडत नाही.

"दुसऱ्यांदा केला की होतो का?" मी विचारलं.

"होतो की. कधी तिसऱ्यांदा. सकाळच्या पाळीला आधी त्याला उदबत्ती, मग मला बोलणी, मग तो सुरू."

"पार बंद करून चालू करतेस, का चालू असतानाच ते छोटं बटण दाबतेस?"

"छोटं बटण."

"मग डिस्क जिवंत हाय. काय करू नको, मी येतो."

फोन ठेवला आणि तुम्ही आठवलात. तसं तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आठवण काय, येतच असते. पण परवाची वेगळी होती. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहून गेली आहे हे लक्षात आलं. ती शेवटी सांगतो. आधी जरा बसू द्या.

तळ्याच्या गल्लीतला तो क्लास मला आजही आधी कानांनी आठवतो, डोळ्यांनी नंतर. खाली किराण्याचं दुकान, बाजूने लाकडी जिना, वर लांबट खोली आणि दोन रांगांत टाइपरायटर. सावित्री नदीचं पाणी चढलं की दुकानदार पोती घेऊन आपल्याकडे वर यायचा आणि आपण गूळ-तांदळाच्या वासात टायपिंग करायचो. तुमची खुर्ची खिडकीशी, आणि तोंड रस्त्याकडे. सगळ्या वर्गाकडे पाठ. पहिल्या दिवशी मला वाटलं, ह्या काय शिकवणार, ह्या तर बाहेरची वर्दळ बघतायत. तेवढ्यात तुम्ही मान न वळवता म्हणालात, "चार नंबर, बोटं आपटतायत. हलकं." आणि चार नंबर खरोखरच हलका झाला. एकदा मुलांनी तुमची परीक्षा घ्यायची म्हणून जागा बदलल्या. तुम्ही तपासणीचे कागद चाळत होता. दोन ओळी होईपर्यंत गप्प राहिलात आणि म्हणालात, "नवावर आज सात नंबर बसलाय. दोघं उभे राहा. आणि सात, तू तिथे जास्त बरा टाइप करतोस, तिथेच राहा." नऊ नंबर पुढे दोन दिवस फुगून बसली होती, कारण खिडकीजवळचं मशीन गेलं, नंबर तेवढा तिचा राहिला.

मी आलो त्या दिवशी पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या आमच्या वाडीचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं एका दमात सांगायला लागलो होतो. शाळेत तशीच सवय लावलेली. तुम्ही मध्येच थांबवलंत.

"मी विचारलं का?"

"नाय."

"आडनाव खाली चपलांजवळ ठेवायचं. वर येताना नंबर घ्यायचा. अकरा रिकामं आहे, बस."

मला तेव्हा ही तुमची एक लहर वाटली. महाडातल्या पेठेतली मुलं, कोर्टातल्या कारकुनांच्या मुली, बौद्धवाडीतली मुलं, आमच्यासारखे घाटाखालचे, सगळे त्या खोलीत आकडे होते. आकड्याला कुठल्या गल्लीतला हे विचारता येत नाही. डब्यातली भाकरी नऊ नंबरने अकराला द्यायची आणि अकराने चारला, एवढंच कळायचं. तुम्ही कधी यावर भाषण दिलं नाहीत. खिडकीतून तळं दिसायचं, तेवढं पुरे होतं बहुतेक. हे मला फार नंतर कळलं, माझ्या दुकानात कामाला पहिला माणूस ठेवताना, जेव्हा माझ्या तोंडून "आडनाव राहू दे, हात दाखव" असं आपोआप निघालं.

अकरा नंबर रिकामं का होतं तेही लगेच कळलं. ते अडकायचं. पहिल्याच आठवड्यात मी खिशातल्या चाकूने त्याचं झाकण उघडायला बसलो.

"अकरा नंबर, काय चाललंय?" तुमची पाठ विचारते.

"अडकतंय बाई. खोलतोय."

"कुठे अडकतंय?"

"म्हाईत नाय."

"मग काय खोलतोस? कुठं दुखतंय ते यंत्र सांगत असतं. आधी ऐक. हात नंतर."

सगळा वर्ग हसला आणि माझे कान तापले. पण ऐकायला मला शिकवावं लागत नव्हतं, बाई. आंबेनळी घाटातून एस.टी. उतरायला लागली की आमच्या वाडीतली माणसं आवाजावरून ओळखून घरातून निघायची. दुसऱ्या गिअरला आहे म्हणजे अजून वरच्या वळणाला आहे, चहा पिऊन होईल. आवाज सरळ झाला की पळायचं. मी तसाच कान लावला. त्या मशीनमध्ये अक्षराची एक दांडी कागदावर आपटून परत येताना बाकीच्यांपेक्षा जरा उशीर करत होती, आणि पुढची दांडी तिला जाऊन धडकत होती. थोडं रॉकेल, जुनी चिंधी, आणि अकरा नंबर बोलायला लागलं. तुम्ही शाबास म्हणाला नाहीत. म्हणालात, "आता तीन नंबरला काय झालंय ते सांग." माझ्या धंद्याचा मुहूर्त म्हणाल तर तोच.

टायपिंगमध्ये मात्र मी तुम्हाला कधी सुख दिलं नाही. माझी डावी करंगळी उठायचीच नाही. इंग्रजी 'ए' हे अक्षर मी शेजारच्या बोटाने मारायचो आणि ते नेहमी जास्त जोरात उमटायचं. रोज एकदा तरी खिडकीतून यायचं, "अकरा नंबर, करंगळी." दुसरं तुमचं ठरलेलं वाक्य सगळ्यांसाठी असायचं. ओळ संपत आली की घंटी वाजते, बाजूची दांडी ओढून कॅरेज, म्हणजे कागद धरून सरकणारी चौकट, मागे न्यायची, ती खट्‌ करून जागेवर बसते, मग नव्या ओळीचं पहिलं अक्षर. स्पीडच्या नादात मुलं ती बसायच्या आधीच अक्षर मारायची आणि ते समासात वाकडं पडायचं. "कॅरेज थांबू दे. मग अक्षर." दिवसातून किती वेळा म्हणत असाल. आम्ही झोपेतही म्हणत असू.

मग टाइपरायटरचे दिवस भरत आले. पालक जिना चढून विचारायचे, "कॉम्प्युटर आहे का?" आणि नाही म्हटलं की तसेच उतरून डेपोजवळच्या काचेच्या दाराच्या क्लासकडे जायचे. तुम्ही मागची अख्खी रांग मोडीत काढलीत, माझ्या अकरासकट, आणि मुंबईतल्या एका बंद पडलेल्या ऑफिसातून तीन जुने कॉम्प्युटर आणलेत. टेम्पोतून ते उतरताना खालचा दुकानदार म्हणाला होता, "बाई, टीव्ही आणलेत वाटतं. केबल कुणाची घेताय?" तुम्ही म्हणालात, "तुमच्या तराजूचा काटा आधी सरळ करा, मग माझ्या पडद्याकडे बघा." तो आठवडाभर आपल्याला बघून हसायचा नाही. जिन्यावर मात्र तुम्ही मला हळूच सांगितलंत, "हे चाललं नाही तर दिवाळीनंतर कुलूप. रांग मोडली आहे, मागे जायला जागा नाही. तुला माहीत असावं म्हणून सांगते." मला त्या वेळी भीती वाटली, आणि तुम्ही ते मलाच सांगितलंत याचा अभिमानही.

कॉम्प्युटर जोडून मी पहिल्यांदा चालू केला तेव्हा तुम्ही खुर्ची फिरवून बसला होता. त्या खुर्चीचं तोंड आत वळलेलं मी तेव्हाच काय ते पाहिलं. पडद्यावर आकडे चढत होते, हळूहळू.

"हे काय मोजतंय?"

"सोताची मेमरी, बाई. चालू केलं की दर येळी मोजतं."

"दर वेळी? काल मोजलेली आज विसरतं?"

"तसंच म्हणा."

"मुलं जांभया देतील. हा स्पीडचा क्लास आहे. हे वगळता येतं का?"

मी आतल्या सेटिंगमध्ये शिरलो, तिथे झटपट सुरू करायची सोय दिसली, तिन्ही मशीनवर चालू करून टाकली. आकडे गायब, बीप वाजला की लगेच पुढे. आपण दोघंही खूश. टायपिंगच्या क्लासाला शोभेल असं झालं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका कॉम्प्युटरने सांगितलं, डिस्क नाही. त्याच्या पुढच्या सकाळी दोघांनी. आठवडा संपायच्या आत तिघंही. दुपारी सुरळीत, सकाळी हट्टी. सात नंबर म्हणाला थापट मारली की चालतं, त्याने मारली आणि योगायोगाने चाललं, मग रोज थापट. नऊ नंबरने उदबत्ती आणली, ती तिची सवय तेव्हापासूनची. मशीन देणाऱ्याचा माणूस पनवेलहून आला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाला, डिस्का म्हाताऱ्या झाल्या, तिन्ही नव्या घ्या. ते आपल्याला झेपणारं नव्हतं, आणि सोमवारी पहिली बॅच होती. काचेच्या दारासमोरून उलटे फिरून आलेले पालक सोमवारी आपल्या मुलांना घेऊन जिना चढणार होते.

रविवारी सकाळी आपण तिघं, तुम्ही, मी आणि नऊ नंबर. मी पेचकस घेऊन डबा उघडायला वाकलो. तुम्ही खिडकीशी, पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसलात.

"अकरा नंबर. गेला आठवडाभर आपण सगळे काय करतोय?"

"बघतोय, बाई."

"पडद्याकडे बघतोय. ऐकलं कुणी? इकडे ये, पाठ कर. नऊ, तू बघ आणि ती डिस्क नसल्याची ओळ आली की आलं म्हण."

मी तुमच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसलो, पाठ मशीनकडे. समोर खिडकी, खाली रविवारचा बाजार, कुणीतरी सुकटीचा भाव करत होतं. नऊ नंबरने बटण दाबलं. पंखा फिरला. बीप. आणि पंख्याच्या खाली, अगदी खोल, एक बारीक शीळ वर चढायला लागली.

"आलं," नऊ नंबर म्हणाली.

शीळ अजून चढतच होती. ओळ येऊन गेली आणि त्यानंतर ती सरळ झाली, घाट संपून गाडी सपाटीला लागावी तशी.

"परत," तुम्ही म्हणालात. "सगळं थंड होऊ दे, मग परत."

तोवर तुम्ही आम्हाला चहा पाजलात. परत तेच झालं. आधी ओळ, मग सपाटी.

"काय ऐकलंस?"

"बाई, डिस्क हाय. पण ती अजून चढावर हाय आन् ह्यो तिला हाक मारतोय. ती ओ देत नाय म्हणून म्हणतो, नायच हाय. दुसऱ्यांदा करतो तवा ती फिरतच असते, म्हणून सापडते."

तुम्ही बाहेर बघतच म्हणालात, "म्हणजे कॅरेज थांबायच्या आधी अक्षर मारलं."

"व्हय."

"आणि ते आकडे मोजणं?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. ते संथ मोजणं होतं तोवर डिस्कला उठायला वेळ मिळत होता. आपण तोच काढून घेतला होता. सकाळी गारठ्यात, नदीकडच्या दमट हवेत, म्हातारी डिस्क आणखी सावकाश उठत होती, आणि दुपारपर्यंत ऊब आली की जमवून घेत होती. मी सांगत गेलो आणि तुमचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताय. तुम्ही हसत होता.

"जन्मभर पोरांना थांबा थांबा म्हटलं, आणि घाई मी केली."

"आपण दोघांनी, बाई."

"मी जास्त. तू फक्त बटण दाबलंस."

झटपट सोय बंद केली. पडद्यावर आकडे चढायला लागले, शीळही चढली, आकडे संपायच्या आत ती सपाट झाली, आणि कॉम्प्युटर सुरळीत सुरू झाला. दुसराही झाला. तिसरा होईना. त्याची शीळ चढायची आणि मध्येच बसायची, दम लागल्यासारखी. तो आजार निराळा होता: डिस्कला वीज नेणारा प्लग सैल होता, आणि आतली पिन दबली होती. ती नीट केली तेव्हा दुपारचा भोंगा झाला होता. आजही मी दुकानातल्या मुलांना ह्याच क्रमाने शिकवतो. आधी पाठ करा आणि ऐका. शीळ सरळ होत असेल तर डिस्क नुसती उशिरा उठणारी आहे, तिला वेळ द्या. दमून बसत असेल तर वीज बघा, वायर बघा. टकटक ऐकू आली तर शहाणपणा न करता आत जे आहे त्याची आधी कॉपी काढा. आणि कॉपी काढा हे तिन्ही वेळा सांगतो.

सोमवारी जिना भरला. मशीन नाव विचारत होतं तिथे तुम्ही एक, दोन, तीन असे आकडे घातलेत. पालक मागे उभे होते, आकडे चढायला लागले तसं एकाने विचारलं, "बाई, हे काय, इतकं हळू?" तुम्ही खिडकीकडे तोंड करूनच म्हणालात, "तयारी करतंय. तयारी न करता आमच्याकडे कुणी सुरू करत नाही." डेपोजवळच्या क्लासमधून त्या महिन्यात मुलं आपल्याकडे यायला लागली. दिवाळी आली, गेली, कुलूप लागलं नाही.

त्याच दिवाळीत तुम्ही क्लासच्या किल्ल्या माझ्यासमोर ठेवल्यात. "सकाळची बॅच तू घे."

"बाई, माझा स्पीड नाय. परीक्षा पण..."

"तुला यंत्र ऐकू येतं. बाकी येईल. एक अट आहे, करंगळी शीक. माझ्या क्लासात शिकवणारा माणूस नऊ बोटांनी टाइप करणार नाही."

मी हो म्हटलं. त्या किल्ल्यांवर मी पुढे पोलादपूरच्या नाक्यावर पहिलं दुकान टाकलं, मग महाडात दुसरं, आणि आता वसाहतीतल्या कितीतरी कारखान्यांत जुनं मशीन अडलं की मला बोलावतात. मोठेपणा सांगतोय असं समजा, तुमच्याशिवाय कुणाला सांगू?

तर परवा मी मोटरसायकल काढून कारखान्यात गेलो. पाळी सुटली होती, फाटकात बस उभी. नऊ नंबर दारातच म्हणाली, "आलास? मला वाटलं मोठ्या माणसांना आता वेळ नसतो." प्रयोगशाळेतला तरुण साहेब चांगला मुलगा होता. मशीन अडायला लागल्यावर पुन्हा सुरू झालं त्या दिवशीच त्याने आतल्या सगळ्याची कॉपी काढून ठेवली होती. मी म्हटलं, निम्मं काम तुम्हीच केलंत. मग मी त्याच्याकडची खुर्ची ओढली आणि कॉम्प्युटरकडे पाठ करून बसलो. तो बघतच राहिला. नऊ नंबर कुणी न सांगता पडद्यासमोर जाऊन उभी राहिली आणि बटण दाबलं.

"आलं," ती म्हणाली. शीळ अजून चढावर होती.

मला हसू आलं, तिलाही. आतली नाण्याएवढी बॅटरी संपली होती. ती संपली की मशीनला लावलेल्या सवयी जातात आणि बनवणाऱ्या कंपनीतून येतानाची मूळची घाई परत येते. नवी बॅटरी घातली, संथ मोजणं परत लावलं. आकडे चढले, शीळ सपाट झाली, यंत्र बोललं. साहेब म्हणाला, "काका, म्हणजे मुद्दाम हळू करायचं?" मी उत्तर द्यायच्या आत नऊ नंबर म्हणाली, "कॅरेज थांबू दे, मग अक्षर." त्याला काही कळलं नाही. मी त्याला टाइपरायटर म्हणजे काय इथपासून सांगत बसलो आणि त्याने मनापासून ऐकलं.

घरी येऊन हे लिहायला घेतलं. दुकानात माझी खुर्चीही रस्त्याकडे तोंड करूनच असते, गिऱ्हाइकांना वाटतं मी भाव खातो. आता ती राहिलेली गोष्ट. टेबलावर तीन कॉम्प्युटर आहेत, आणि तरी हे पत्र मी पेनाने लिहितोय. कारण एवढंच, बाई, की डावी करंगळी मी अजूनही उचलत नाही. टाइप केलं असतं तर तुम्हाला ऐकू गेलं असतं.